मागच्या खोलीतला आवाज

सांगोला
९ फेब्रुवारी २०२५

भूषण,

जयभीम.

फोनवर बोलले असते तर माझा आवाज चढला असता आणि तू फोन ठेवून दिला असतास, म्हणून कागदावर लिहितेय. तूही फोन करू नकोस, मी उचलणार नाही. जे सांगायचं ते लिहून पाठव, म्हणजे मला दोनदा वाचता येईल.

आमच्या दवाखान्यात अंकिता नावाची नवी सिस्टर आलीय. तिला भुताखेतांचे गेम खेळायचा नाद आहे. परवा जेवणाच्या सुट्टीत ती लॅपटॉप उघडून बसली होती. मला म्हणाली, "ताई, हा गेम सोलापूरच्या कुणीतरी केलाय. यातली म्हातारी अगदी आपल्याकडच्यासारखी बोलती. आणि बघा की, तुमचंच नाव घेती." असं म्हणून तिनं आवाज मोठा केला.

मी डबा उघडत होते. लॅपटॉपमधून माझी आई म्हणाली, "दीक्षा, दार उघड की गं. अंधार पडलाय. कुटं गेलीस?"

आई जाऊन दीड वर्ष झालं, भूषण. मी अंकिताला काही सांगितलं नाही. डबा तसाच झाकला आणि वॉर्डात जाऊन एका पेशंटचं सलाईन बघत उभी राहिले. सलाईन नीट चालू होतं.

घरी येऊन गेमचं नाव शोधलं. 'मागची खोली'. खाली तुझं नाव आहे, पूर्ण, बुद्धभूषण हरिदास. आणि त्याखाली खेळलेल्या लोकांची मतं आहेत. ती सगळी वाचली. एकानं लिहिलंय, गेम तासाभराचासुद्धा नाही, चित्रं भिकार आहेत, पण म्हातारीच्या आवाजानं अंगावर काटा आला. दुसरा विचारतो, ही नटी कोण, हिला बक्षीस द्या. एकाला ती कटकटी वाटली, त्याला तिचा आवाज बंद करायची सोय हवी होती. एका मुलीनं लिहिलंय, पुढच्या भागात थेरडीला दाराबाहेर काढा आणि आपल्या मागे लागू द्या, मजा येईल.

माझ्या आईनं मंद्रूपच्या बाजारात वीस वर्षं भाजी विकली. तिची हाळी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. तिच्या आवाजाला तेव्हा कुणी घाबरलं नाही. आता तिला घाबरायचे स्टार मिळतात.

तू मला विचारलं नाहीस. मामांना माहीत आहे का? मामींना?

तो आवाज काढून टाक. आणि एक गोष्ट मला कळली नाही, ती सांग. बहुतेक सगळ्यांची तक्रार आहे की ते दार शेवटपर्यंत उघडत नाही. ते का उघडत नाही?

दीक्षा


सोलापूर
२० फेब्रुवारी २०२५

ताई,

सविनय जयभीम.

तुझं पत्र आईच्या हातात पडलं होतं, पण तिनं फोडलं नाही. घरात अजून कुणाला काही माहीत नाही. बाबांना गेम म्हणजे पत्ते नाहीतर क्रिकेट एवढंच कळतं.

तुला विचारायला हवं होतं, हे खरं आहे. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, हेही खरं आहे. म्हणून विचारलं नाही. माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

आत्याचा आवाज मी गेमसाठी रेकॉर्ड केला नव्हता, एवढं मात्र मनात धर. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की सकाळी दवाखान्यात आणता तेव्हा बाई शहाण्यासारख्या बोलतात, दिवस कलला की काय होतं ते मला ऐकवा. म्हणून मी मोबाईलवर रेकॉर्ड करत गेलो. डॉक्टरांनी थोडंसं ऐकलं, गोळी बदलली. बाकीचं माझ्या मोबाईलमध्ये राहिलं. ती गेल्यावर मी ते ऐकत बसायचो. का, ते सांगता येत नाही. पुढे गेम करायला घेतला तेव्हा आधी दुसरा आवाज शोधला. नाटकात काम करणाऱ्या दोघीतिघींना बोलावलं. त्या म्हातारीसारखं बोलायच्या, कापऱ्या आवाजात. आत्या कधी कापऱ्या आवाजात बोलली नाही. ती आपली रोजच्यासारखी हाक मारायची, म्हणून तर भीती वाटायची.

तू फक्त वाईट मतं वाचलीस. एका मुलानं लिहिलंय, गेम संपल्यावर मी आजीला फोन केला. एकानं लिहिलंय, एवढ्या कमी साधनांत एकट्या माणसानं हे केलं असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. ताई, दिवसभर मी दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका टाईप करतो आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे फोटो गोरे करतो. मला आजवर कुणी पुढे जाऊ द्या म्हटलेलं नाही. हैदराबादला एप्रिलच्या शेवटी छोट्या गेमांचं एक प्रदर्शन भरतं, त्यात माझा गेम निवडला गेलाय. तिथं मोठ्या कंपन्यांची माणसं येतात. तेवढं होऊ दे. मग तू म्हणशील ते करीन.

दाराचं विचारलंस. त्यात काही नाही. दार उघडायचं तर आतली खोली बनवावी लागते, खाट, भांडी, भिंती, सगळं. मला एकट्याला ते जमलं नाही. स्वस्तातला गेम आहे, त्यात स्वस्तातली युक्ती आहे. लोकांना तो आळस वाटतो, वाटू दे. आत्याच्या खोलीला आपल्याकडे कधी कुलूप नव्हतं, हे तुला माहीत आहे.

तब्येत सांभाळ.

तुझा,
भूषण


सांगोला
६ मार्च २०२५

भूषण,

मी तुझा गेम खेळले. अंकितानं बटणं कशी दाबायची ते दाखवलं आणि तिच्या पेशंटकडे गेली. तिला अजूनही माहीत नाही. मी हेडफोन लावून एकटी बसले.

घर तुमचंच आहे. चित्रं भिकार असतील, पण मोरी कुठं, देवळीतली बुद्धमूर्ती कुठं, पाण्याचं पिंप कुठं, मला सगळं कळत होतं. लोकांना वाटतं तू कल्पनेनं काढलंयस. मी व्हरांड्यातून आत आले, स्वयंपाकघर ओलांडलं आणि मागच्या खोलीच्या दारासमोर येऊन उभी राहिले. ती हाका मारायला लागली. खाली पडद्यावर लिहून आलं की उत्तर द्यायचं असेल तर हे बटण दाबा. मला ते दाबता आलं नाही. एकदाही नाही. मी नुसती उभी राहिले. ती माझं नाव घेत राहिली आणि शेवटी गेम आपोआप संपला.

आता ऐक. तुझ्या त्या मतांमध्ये एका माणसानं लिहिलंय, डेव्हलपरची चूक झालीय, दाराची कडी आपल्याच बाजूला दाखवलीय, तरीही आपल्याला ती काढता येत नाही, हे पटत नाही. मी ते वाचून पुन्हा खेळले आणि कडीच बघितली. त्या दाराला बाहेरून कडी आहे. आणि ती हाक मारते तेव्हा कडी वाजते.

कुलूप नव्हतं असं तू लिहिलंस. फार जपून लिहिलंस. मी विचारलं असतं की कडी होती का, तर काय लिहिलं असतंस?

मी यायचे तेव्हा दार उघडं असायचं. आई न्हाऊनमाखून खाटेवर बसलेली असायची. एकदा तिचं मनगट काळंनिळं दिसलं. मामी म्हणाल्या, खाटेच्या लोखंडावर आपटलं. मी नर्स आहे. खाटेवर आपटलेला हात आणि दारावर आपटलेला हात मला वेगळा ओळखता यायला हवा होता. मी मामींचा चहा घेतला आणि दुपारची एसटी पकडली.

तुमच्या घरानं माझ्या आईला कोंडून ठेवलं. वर तू त्याचा खेळ केलास आणि लोकांना दारासमोर उभं केलंस, तेही कडी न काढता.

हैदराबादचं मला सांगू नकोस. तो आवाज काढ. नुसता गेममधून नाही. तुझ्या कॉम्प्युटरवरून, मोबाईलवरून, जिथं जिथं ठेवला असशील तिथून. माझी आई कुणाच्या यंत्रात उरता कामा नये. महिन्याच्या आत झालं नाही तर मी मामांना घेऊन पोलीस स्टेशनला जाईन. त्यांना मी वेगळं पत्र टाकलंय.

दीक्षा


सोलापूर
२ एप्रिल २०२५

ताई,

तुझं पत्र बाबांना शाळेत मिळालं. ते घरी आले, मला म्हणाले, ऐकव. मी हेडफोन दिले. त्यांनी बहिणीचा आवाज ऐकला, हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि बाहेर गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात.

तू सांगितलंस ते मी केलं आहे. ते शेवटी लिहितो. आधी कडीचं.

हो, कडी होती. बाहेरून होती. आता ती कशी लागली ते ऐक. आत्या वारली त्याच्या आदल्या वर्षी, दिवाळीनंतर, ती घरातून निघून गेली होती. आम्ही स्टेशन पाहिलं, सिव्हिल हॉस्पिटलचं आवार पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मंद्रूपवरून कोंडीबा नावाच्या एका पानवाल्याचा फोन आला. बाई रस्त्याच्या कडेनं अनवाणी चालत आल्यात, बाजारात बसून गिऱ्हाईकाची वाट बघतायत, पुढ्यात काही नाही. तिच्याजवळच्या चिठ्ठीवर आमचा नंबर होता म्हणून त्यानं फोन केला. आम्ही तिला घेऊन आलो. तळपाय सोलले होते. आई तिचे पाय धूत होती आणि बाबांनी तुला फोन लावला. फोन मी धरला होता, स्पीकरवर. बाबा विचारत होते, दीक्षा, काय करू, तुझ्याकडे आणून सोडू का. तू म्हणालीस, "मामा, माझी ड्युटी बदलती असते, मी कुठं ठेवू तिला? बाहेरून कडी लावा. मी दुसरं काय सांगू?"

हे तुझे शब्द आहेत. बाबांनी त्याच संध्याकाळी कडी आणली. मी ती बसवली.

तू विसरली असशील. मला विसरता येत नाही, कारण त्या दारासमोर मी बसायचो. बाबा शाळेत, आई अंगणवाडीत आणि नंतर मीटिंगांना. मी तेव्हाची नोकरी सोडली, कुणीतरी घरी हवं होतं म्हणून. दिवसा ती चांगली असायची. माझ्याबरोबर मटकी निवडायची, मला भाजीचे भाव विचारायची. ऊन उतरलं की तिला वाटायचं ती परक्या घरात आहे. एकदा मी कडी काढली तर मला ढकलून सरळ रस्त्यावर गेली. रिक्षावाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचली. त्यानंतर मी कडी काढली नाही. ती तुझं नाव घेऊन हाक मारायची. माझं नाही, बाबांचं नाही. मग मी तू व्हायचो. दाराला तोंड लावून म्हणायचो, "आले आई. ड्युटी संपली की उघडते." त्यावर ती गप्प व्हायची. गेममध्ये जे बटण तुला दाबवलं नाही ना, ते हे बटण आहे. खेळणाऱ्याला दुसरं काही करता येत नाही, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. लोक म्हणतात, एकच बटण आहे, कंटाळा येतो. मलाही यायचा.

तू जगाच्या आयांना उठवतेस, बसवतेस, त्यांची अंथरुणं बदलतेस. स्वतःच्या आईला बघायला कडी लागल्यापासून ती जाईपर्यंत दोनदा आलीस. आणि तेव्हा दार उघडं असायचं कारण तू येणार म्हणून माझी आई सकाळपासून तिला तयार करायची. तुला वाईट वाटू नये म्हणून. तिच्या चहाचा तू पत्रात हिशेब काढलास.

आता तुझं काम. गेममधून आत्याचा आवाज काढला. माझी मैत्रीण भुवनेश्वरी पूर्वी एकांकिकांत काम करायची, तिचा आवाज घातला. तिच्या घरी तेलुगू बोलतात, त्यामुळे हाक जरा वेगळी लागते, पण चालवून घेतलं. कॉम्प्युटरवरचं, मोबाईलवरचं, वेगळ्या डिस्कवर ठेवलेलं, सगळं पुसलं. नुसतं पुसलं नाही, वर दुसरं भरून पुन्हा पुसलं. तुझी आई आता कुठल्याच यंत्रात नाही.

लोकांना कळलं. नवीन मतं येतायत. हे काय करून ठेवलं, त्या बाईच्या आवाजावर गेम उभा होता, आता नुसता बोळ उरलाय. एकानं विचारलंय, जुनी नटी जास्त मागायला लागली का?

भूषण


सांगोला
११ ऑगस्ट २०२५

भूषण,

चार महिने लिहिलं नाही. तुझं पत्र कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं. मध्ये दोनदा सोलापूरला येऊन गेले, ट्रेनिंगसाठी. घरी आले नाही. मामांना ट्रेनिंगच्या इमारतीबाहेर भेटले. ते माझ्यासाठी शेंगाचटणी घेऊन आले होते. तुझा विषय आम्ही दोघांनी काढला नाही.

तू लिहिलंस ते मी बोलले होते. शब्द तेच होते. फक्त मी त्या दिवसापुरतं बोलले होते, ती दमलीय, तिला झोप लागेपर्यंत. तुम्ही ती कडी कायमची समजलात. आणि मी पुढे कधी विचारलं नाही की अजून लावता का. विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं आणि मग मला तिला इकडं आणावं लागलं असतं. एवढं मला तेव्हाही कळत होतं. यावर तुला काही लिहायचं असेल तर लिहू नकोस, मी ते रोज स्वतःला लिहून दाखवते.

तू नोकरी सोडली होतीस हे मला माहीत नव्हतं. मामींनी सांगितलं होतं की कंपनी बंद पडली.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. परवा आईचा स्मृतिदिन. मी वॉर्डातल्या बायकांना खिचडी द्यायची ठरवलीय. काल संध्याकाळी फोटोसमोर बसले आणि मला तिचा आवाज आठवेना. शब्द आठवतात. 'कुटं गेलीस' आठवतं, पण ते माझ्याच आवाजात आठवतं. माझ्याकडे तिचे फोटो आहेत, तिचं वजनाचं माप आहे, दोन लुगडी आहेत. आवाज नाही. तिच्याकडे साधा फोन होता, तो तिला नीट वापरता यायचा नाही. मी कधी तिचं बोलणं साठवून ठेवलं नाही. बोलणं साठवायचं असतं असं डोक्यातच आलं नाही.

अंकिताला शेवटी सगळं सांगितलं. तिच्या लॅपटॉपवर जुना गेम असेल असं वाटलं होतं. पण त्यानं आपणहून नवीन उतरवून घेतला. आता तिथं तुझी भुवनेश्वरी हाक मारते. चांगली मारते. ती माझी आई नाही.

तू कुठंतरी एखादा तुकडा ठेवला असशील. डॉक्टरांना पाठवलेला असेल. रागात लिहिलं असशील की सगळं पुसलं. बघ जरा. कसाही चालेल, मला ओरडणारी असली तरी चालेल.

मी सांगितलं म्हणून तू पुसलंस, हे मला कळतंय. मागायला मला तोंड नाही, हेही कळतंय. तरी मागते.

दीक्षा


सोलापूर
१४ सप्टेंबर २०२५

ताई,

पत्र मिळाल्यापासून शोधतोय, म्हणून उशीर झाला. काही मिळालं नाही.

डॉक्टरांना मी मोबाईल हातात देऊन ऐकवलं होतं, त्यांच्याकडे गेलंच नाही. डिस्क घेऊन नवी पेठेत एका माणसाकडे गेलो. पुसलेलं परत आणून देतो अशी त्यानं पाटी लावलीय. त्यानं आठवडाभर ठेवून घेतली. मग म्हणाला, "नुसतं पुसलं असतं तर काढून दिलं असतं. तुम्ही वरून दुसरं भरलंत. कुणी सांगितलं होतं एवढं करायला?" मी म्हटलं, घरातल्यांनी.

रागात केलं का, असं तू सरळ विचारलं नाहीस. रागात केलं. तू सांगितलंस तेवढंच केलं, पण तुला तो आवाज कधीतरी हवा असेल हे मला तेव्हा माहीत होतं.

हैदराबादला गेलो होतो. त्यांनी मला टेबल दिलं. माणसं यायची, हेडफोन लावायची, थोडा वेळ ऐकायची आणि काढून ठेवायची. एका कंपनीच्या बाई म्हणाल्या, आम्ही ज्या आवाजासाठी आलो होतो तो कुठे आहे. मी सांगितलं की घरातलं कारण आहे. त्या भल्या होत्या, त्यांनी पुढे विचारलं नाही. पुढचं काही झालं नाही. आता गेम मी इंटरनेटवरूनच काढलाय. परत पत्रिकाच टाईप करतो.

एक गोष्ट सापडली, ती तुला सांगावी की नाही यात बरेच दिवस गेले. गेम पहिल्यांदा आला तेव्हा इंदूरच्या एका मुलानं तो खेळतानाचा व्हिडिओ करून टाकला होता. तो अजून आहे. त्यात आत्याचा आवाज आहे. पण तो मुलगा सगळा वेळ वरून बोलतो, हसतो, चाळे करतो. त्याचं कामच ते आहे. मी त्याला लिहिलं, हे खरं माणूस होतं, माझी आत्या, तिचा मोकळा आवाज तुझ्याकडे असेल तर दे. त्याचं लगेच उत्तर आलं. त्यानं माफी मागितली, म्हणाला, भैया, माझा आवाज आणि गेमचा आवाज एकत्रच रेकॉर्ड होतो, वेगळा करता येत नाही. व्हिडिओ काढून टाकू का, असंही विचारलं. मी म्हटलं, नको. मी तो डाउनलोड करून दोन ठिकाणी ठेवलाय.

व्हिडिओचा पत्ता सोबतच्या वेगळ्या कागदावर लिहिलाय, एकेक अक्षर नीट बघून टाईप कर. कामावर बघू नकोस. आणि जमलं तर शेवटपर्यंत बघू नकोस. तो मुलगा शेवटी फार दंगा करतो.

बाबा तुझी चौकशी करतात.

भूषण


सांगोला
१९ ऑक्टोबर २०२५

भूषण,

मी शेवटपर्यंत बघितलं. तू नको म्हणालास म्हणूनच बघितलं.

वाईट मुलगा नाही तो. लहान आहे. आई पहिली हाक मारते तेव्हा तो खुर्चीतून उडतो आणि मग स्वतःलाच हसतो. मी त्याच्या बोलण्याच्या फटीफटींतून तिला ऐकत होते. 'अंधार' ऐकू येतं, 'पडलाय'वर तो हसतो. एकदा तो पाणी प्यायला, तेव्हा अख्खं एक वाक्य मिळालं. ते मी इतक्या वेळा ऐकलंय की शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी आलंय का.

मग तो ते बटण दाबायला लागला. तू म्हणालास ते, उत्तर द्यायचं. लोक एकदोनदा दाबून कंटाळतात. हा गंमत म्हणून दाबतच सुटला. पडद्यावर दर वेळी यायचं, 'आले आई, ड्युटी संपली की उघडते', आणि हा बायकी आवाज काढून ते वाचायचा. आई गप्प झाली. तो म्हणाला, लो, म्हातारी बंद पडली. तरी दाबत राहिला.

तेव्हा ती बोलली. हाक नव्हती ती. बाजारात एखादं गिऱ्हाईक खोटं बोलायला लागलं की ती ज्या आवाजात बोलायची, त्या आवाजात बोलली. "तू दीक्षा न्हाईस. ती न्हाय यायची. तू तरी उघड की."

तो मुलगासुद्धा गप्प बसला. त्यामुळे हे वाक्य मला स्वच्छ ऐकायला मिळालं, सगळ्या व्हिडिओत एवढं एकच. मग तो म्हणाला, काय लिहिलंय यार. खाली लोकांनी टाळ्या दिल्यात. शेवटचा संवाद लिहिणाऱ्याला सलाम. एवढ्याशा गेममध्ये इतका चांगला शेवट. पाच स्टार.

तू मला लिहिलंस की तू दीक्षा झालास की ती गप्प व्हायची. गप्प का व्हायची ते लिहिलं नाहीस. तिला माहीत होतं, भूषण. बाहेर कोण आहे ते तिला माहीत होतं आणि कोण येणार नाही तेही माहीत होतं. तिचं डोकं गेलं होतं असं आपण सगळ्यांना सांगितलं. तू ते वाक्य ऐकलंस, साठवलंस, आणि अशा जागी ठेवलंस की कुणीतरी अनोळख्यानं चेष्टा करता करता ते उघडावं. मला सांगायचं धाडस झालं नाही, तर जगाला सांगितलंस. ते मला समजतं. मीही तुझ्या जागी दाराशी बसले असते तर कडी काढली असती, असं आता म्हणणार नाही. तेवढी खोटी मी नाही.

मामांना माझा जयभीम सांग. मामींना सांग की चहाचं मी मनात ठेवलेलं नाही. तुझ्यासाठी काही लिहायला बसले की पेन थांबतं. तू वाईट केलंस असं लिहवत नाही आणि माफ केलं असंही लिहवत नाही. तिच्याजवळ शेवटी तूच होतास आणि तिनं तुझ्याकडेच मागितलं. आपण दोघांनी मिळून तिला नाही म्हटलं, आणि आता एकमेकांना पत्रं लिहितोय.

हे शेवटचं. याला उत्तर पाठवू नकोस. तुझी चिठ्ठी आली की मला वाटतं कुणीतरी दाराशी आलंय.

दीक्षा